रंग पाहून गाडी घेऊ नका, चासी पाहा

कोल्हापूरहून बावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या समाजातली किती मुले आज गाडीवर पोट भरतात, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण कळे, असळज, गगनबावडा अशा कुठल्याही थांब्यावर सकाळी अर्धा तास उभे राहिले तरी अंदाज येतो. कोणाची वडापची जीप, कोणाची ट्रॅक्स, कोणाचा जांभ्याचे चिरे वाहणारा टेंपो, तर कोणी उसाच्या हंगामात ट्रकवर. काचेवर 'जयभीम' नाहीतर 'नमो बुद्धाय', आरशाला निळा गोंडा. यात नवीकोरी गाडी एखादीच. बाकी सगळ्या दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेल्या, काही तर मालकाच्या वयाच्या.

मायभगिनींनी हे पान उलटू नये. गाडी मुलाच्या नावावर असली तरी पैसा घरातून उभा राहतो. बचत गटाचे कर्ज, आईच्या कानातली फुले, बापाच्या फंडाची रक्कम, आणि नशीब चांगले असेल तर महात्मा फुले महामंडळाकडून मिळालेली मदत, असा सगळा जमाव करून जुनी गाडी दारात येते. आमचे काम कारकुनाचे. शिवाय मंडळाच्या कामामुळे कर्जाचे अर्ज, जामीनदारांचे दाखले, आरसी बुकाच्या झेरॉक्स हे सगळे आमच्या टेबलावरून जाते. कागद चार जण चार वेळा तपासतात. गाडी तपासताना मात्र रंग, टायर, सीटकव्हर, इंजिनाचा आवाज आणि टेप चालतो का, एवढेच पाहिले जाते. गाडीखाली शिरून चासी पाहणारा शंभरात एखादा. म्हणून आज त्या चासीविषयी, आणि ती ज्यांच्या आधाराने एकत्र राहते त्या रिव्हेट-बोल्टांविषयी लिहायचे आहे.

चासी म्हणजे मोटारीचा पाठकणा. सरकारी कागदावर चॅसिस लिहितात, गॅरेजात चासी म्हणतात, आपण चासीच म्हणू. आकार शिडीसारखा असतो. पुढून मागपर्यंत गेलेले दोन लांब पोलादी चॅनल, आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, अॅक्सल हे सगळे या शिडीला धरून असते. बॉडी वर नुसती बोल्टांनी बसवलेली असते. ती काढून दुसरी बसवली तरी गाडी तीच राहते. म्हणूनच गाडीचा जन्माचा नंबर दरवाजावर किंवा बॉनेटवर न ठोकता चासीवर ठोकलेला असतो.

ही शिडी आधी लाकडाची होती हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. अगदी सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीच्या कारागिरांच्या हातून तयार झाल्या. लाकडी तुळया आणि त्यांच्या अंगाला बोल्टांनी बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, अशी त्यांची रचना असे. १९०१ साली जर्मनीच्या डायमलर कंपनीने मर्सिडीज नावाची गाडी काढली. तिचा सांगाडा पोलादी पत्रा दाबून वळवलेला होता. पुढे सगळ्यांनी तीच वाट धरली. अमेरिकेत मिलवॉकी शहरात ए. ओ. स्मिथ कंपनीने १९२१ साली असा कारखाना उभारला की पत्र्याची पट्टी एका टोकाने आत जायची आणि रिव्हेट मारलेली तयार चासी दुसऱ्या टोकाने बाहेर पडायची. दिवसाला सुमारे दहा हजार चासी तिथे होत. काम यंत्राचे, पण जोडणी रिव्हेटचीच.

आपल्याकडची उदाहरणे लांब शोधायला नकोत. कोल्हापूरच्या दसरा चौकात शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, ती पाहायला आपण पोराबाळांना खांद्यावर घेऊन जातो. १९३० च्या दशकातली ही जर्मन गाडी. मेबॅक कंपनी त्या काळी चासी आणि इंजिन तयार करी आणि बॉडी दुसऱ्या कारागिरांकडून बांधून घेतली जाई. लोक बघतात ती बॉडी. इतक्या वर्षांनी तिला सोन्याच्या पानांच्या गर्दीत चालवते ती खालची शिडी. आपल्या एसटीचेही तसेच आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, तेव्हा बॉडी लाकडी होती आणि गाद्या काथ्याच्या. पुढे लाकूड गेले, पत्रा आला. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील-आजोबा चासीवर बॉडी बांधून निवृत्त झाले. बॉडी बदलत गेली तरी खाली चासी घ्यायची आणि वर बॉडी चढवायची ही पद्धत तीच राहिली. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतलेली जीप आणि १९५४ नंतर जमशेदपुरात तयार होऊ लागलेला टाटा-मर्सिडीज ट्रक, दोघांच्याही पोटाखाली हीच शिडी होती. अॅम्बॅसेडर आणि पद्मिनी या गाड्यांना मात्र अशी वेगळी चासी नव्हती, तिथे पत्र्याची बॉडीच सगळा भार घेई. त्यामुळे पुढचे सांगणे जीप, ट्रॅक्स, टेंपो, ट्रक यांच्यापुरते आहे.

आता मुद्द्याचे. ज्यांनी कावड वाहिली आहे त्यांना चासीचे गणित शिकवावे लागत नाही. खांद्यावरचा बांबू दोन्ही बाजूंच्या घागरींनी वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. मधल्या गराला विशेष काही होत नाही. म्हणून तर बांबू पोकळ असूनही तुटत नाही. चासीचे चॅनल तसेच आहे. त्याचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा असतो. मध्ये उभी भिंत, वर आणि खाली वळवलेल्या दोन कडा. भार येतो तेव्हा सगळा ताण त्या दोन कडांवर पडतो आणि भिंतीच्या मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे चासी करणारे भोके पाडतात ती भिंतीत. कडांना शक्यतो हात लावत नाहीत. आपल्याकडे मात्र कॅरियर बसवायचा, जादा सीट बसवायची, मागे पायरी लावायची म्हणून कोणीही ड्रिल घेऊन कडेलाच भोक पाडतो. भोक दिसते करंगळीएवढे, पण पुढे तडा तिथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट रिव्हेटची. जुने मिस्त्री त्याला रिपीट म्हणतात. लालबुंद तापवलेला रिव्हेट भोकात घालायचा, एका बाजूने जड टेका द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने ठोकून डोके तयार करायचे. मोठ्या कारखान्यात दाबयंत्राने थंड रिव्हेटही दाबतात. ठोकताना तो आतल्या आत फुगतो आणि भोक गच्च भरतो. तापलेला असेल तर थंड होताना आकसून दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळतो. असा सांधा बळकट असतोच, शिवाय रस्त्याच्या धक्क्याने शिडी किंचित पिळली तर तो तेवढे पिळणे सोसतो. चासी थोडी पिळलीच पाहिजे, ती तशीच बनवलेली असते. एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर अशा वेळी ती ताठ राहिली तर कुठेतरी मोडेल.

इथेच वेल्डिंगचा घोटाळा होतो. रिव्हेट सैल झाला, आडवा पट्टा हलायला लागला की रस्त्याकडेचा वेल्डर दहा मिनिटांत चार टाके मारून देतो. त्या जागी सांधा दगडासारखा होतो, पण टाक्याच्या कडेचा पत्रा उष्णतेने आपला मूळ गुण गमावतो. मग पिळण्याचा सगळा जोर त्या कडेवर येतो आणि काही महिन्यांत टाक्याला लागूनच नवा तडा पडतो. त्यावर आणखी पट्टी, आणखी वेल्डिंग. चांगला, शिकलेला वेल्डर चासी दुरुस्त करू शकत नाही असे आम्ही म्हणत नाही. कुठे टाका घ्यायचा, कुठे थांबायचे, पट्टीची टोके तिरकी का कापायची हे त्याला कळते. पण तो माणूस मिळणे कठीण, आणि मिळाला तरी त्याची मजुरी ऐकून मालक परत रस्त्याकडेला जातो.

काही वर्षांपूर्वी बावडा तालुक्यातल्या एका वस्तीतल्या तरुणाने वडापसाठी जीप घेतली. अर्ज आमच्याच टेबलावर लिहिला गेला होता. गाडी नव्या रंगाने चकचकीत, खालून काळा डांबरी लेप मारलेला. विकणारा दलाल सांगत होता, गंज लागू नये म्हणून लेप दिलाय. पहिल्या पावसातच, असळजच्या अलीकडे वळणावर, मागच्या पाट्याचा हँगर चासीसकट निसटला. गाडी रस्त्याच्या आतल्या बाजूला कलंडली म्हणून माणसे वाचली. हेच घाटात झाले असते तर हा लेख वेगळा लिहावा लागला असता. एका आजींचा हात मोडला. मिस्त्रीने लेप खरवडला तेव्हा खाली पुट्टी निघाली, पुट्टीखाली वेल्डिंग, आणि वेल्डिंगखाली आणखी जुने वेल्डिंग. मूळ रिव्हेट एकही शिल्लक नव्हता. दलाल त्या दिवसापासून फोन उचलत नाही. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. ते त्या मुलाची आई दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला जाऊन फेडत होती.

सैल रिव्हेटला खरा उपाय काय, असे आम्ही उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींना विचारले. या माणसाने आयुष्य ट्रकच्या खाली काढलेले. ते म्हणाले, रिव्हेट कापून काढा, भोकात रीमर फिरवून ते गोल आणि साफ करा, आणि त्यात घट्ट बसेल असा चांगल्या प्रतीचा बोल्ट घाला. बोल्टचा जो भाग भोकात राहील तो गुळगुळीत असला पाहिजे, आटे भोकाच्या बाहेर. आटे आत राहिले तर ते भोकाला खातात आणि भोक त्यांना. भोक मोठे आणि बोल्ट बारीक असा प्रकार म्हणजे पायात वाण्याच्या मापाची चप्पल. ही उपमा त्यांची, आम्ही तशीच लिहिली आहे.

बोल्ट म्हटले की आपली पोरे भंगारच्या डब्यात हात घालतात आणि जो बसेल तो लावतात. त्यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे अजूनही बोल्ट सुतात मोजतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे चार सुती बोल्ट अर्ध्या इंचाचा. हा इंच इंग्रजांचा, पण इंग्रजांचे आटे वेगळे आणि अमेरिकनांचे वेगळे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एक माप ठरवले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली दुसरे ठरवले, त्यात ६० अंशांचा. चार सुती व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, तर त्याच जाडीच्या अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टला १३. नट दोन-तीन फेरे सरळ जातो, मग अडतो, आणि पाना लावून रेटला की दोन्हींचे आटे मरतात. तीन सुतीची गोष्ट त्याहून फसवी आहे. दोन्हीकडे इंचात १६ आटे, त्यामुळे नट शेवटपर्यंत जातो, पण कोन जुळत नाही म्हणून पकड अर्धवट राहते. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेला एकमेकांचे नट-बोल्ट लागत नव्हते. त्या त्रासापायीच अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ साली एक समान माप मान्य केले. पुढे मिलिमीटरचे माप आले. जुन्या जीपला आजही अमेरिकन बारीक आट्याचे बोल्ट लागतात आणि नव्या गाडीला मिलिमीटरचे. १२ मिलिमीटरचा आणि चार सुतीचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्याला सारखेच दिसतात. आटे मोजायची पात्यांची गेज बाजारात मिळते आणि ती महाग नसते. प्रत्येक गाडीवाल्याच्या डिकीत ती असावी.

बोल्टच्या डोक्यावर काय लिहिले आहे तेही वाचायला शिकावे. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोचा ताण सोसून मग तो तुटणार. अमेरिकन बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात. तीन रेघांचा चांगला, सहा रेघांचा त्याहून कडक. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो फाटकाच्या बिजागरीला लावा, पाट्याच्या हँगरला नको.

आणि यू बोल्ट. पाट्यांचा संच अॅक्सलला आवळून धरतात ते हेच. नवीन पाटे बसवल्यावर किंवा यू बोल्ट बदलल्यावर दोन-चारशे किलोमीटर गाडी भाराने चालली की पाटे एकमेकांवर बसतात आणि यू बोल्ट सैल पडतात. तेव्हा ते पुन्हा आवळायचे असतात. हे काम पाच मिनिटांचे, पण निम्मे लोक ते करत नाहीत. मग अॅक्सलचा सगळा जोर पाट्यांच्या मधल्या बारीक बोल्टवर येतो. तो त्यासाठी केलेलाच नसतो. तो तुटला की अॅक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते. मागून येणाऱ्याला ते कळते, चालवणाऱ्याला कळत नाही. पान्याला पाइप लावून अंगाच्या जोराने आवळणे हेही तितकेच वाईट, कारण बोल्ट ताणला जाऊन आतून मरतो. स्टिअरिंगच्या सांध्यांवर खाचांचा नट असतो, त्यात स्प्लिट पिन घालून टोके वळवतात. तिच्या जागी खिळा किंवा बाइंडिंग तार घातलेली दिसली तर त्या गाडीत पोरांना बसवू नका.

बावड्याची गोष्ट आणखी निराळी आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस इथे पडतो. तीन-चार महिने चासी ओलीच असते. सी आकाराच्या चॅनलच्या खालच्या कडेवर चिखल साचतो आणि दसऱ्यापर्यंत तिथेच राहतो. त्यात जांभ्याची माती तांबडी आणि गंजही तांबडा. मैदानी भागातला मिस्त्री रिव्हेटभोवती लाल भुकटीचे कडे दिसले की लगेच ओळखतो, हा रिव्हेट हलतोय, पत्र्यावर पत्रा घासून गंजाची पूड बाहेर येतेय. इथे ती पूड मातीत लपते. म्हणून बावड्याकडची गाडी आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खालून धुवायची, चार दिवस चालवायची आणि मग पाहायची. धुतल्यानंतर पुन्हा उगवलेला तांबडा रंग गंजाचा.

रिव्हेट तपासायला यंत्र लागत नाही. एका बाजूला बोट टेकवा, दुसऱ्या बाजूने लहान हातोडीने टिचकी मारा. पक्का रिव्हेट खणखणीत वाजतो, सैल असेल तर आवाज बद्द येतो आणि बोटाला हालचाल कळते. चासी वाकडी आहे का हे तर आपले गवंडीकाम करणारे बांधव सर्वांत चांगले सांगतील. पायाची आखणी करताना काटकोन बघायला ते दोन कर्ण मोजतात. तसेच सपाट जागेवर गाडी उभी करून चासीवरच्या समोरासमोरच्या चार सारख्या जागांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खुणा करायच्या आणि सुतळीने दोन्ही कर्ण मोजायचे. फरक बोटभर आला तर त्या गाडीने कुठेतरी जोराची धडक खाल्लेली आहे, विकणारा काहीही सांगो. चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहताना त्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा आहेत का तेही पाहा. आठ वर्षांवरच्या प्रवासी आणि मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. ते हातात असले म्हणून खाली शिरायचे राहून जाऊ नये.

हे सगळे आपल्या मुलांना कोण सांगणार? गावगाड्यात भाता लोहाराचा आणि रंधा सुताराचा होता. आपल्या वाट्याला हत्यार नव्हते, सांगावा पोचवणे, वेठ आणि मेलेले ढोर ओढणे होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले आणि आपल्या माणसांना माहूत, कोचमन अशा जागांवर नेमले. जाती म्हणजे नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. मोटार नवी आली. तिच्यासाठी बलुतेदार ठरलेला नव्हता, म्हणून या धंद्यात आपल्याला पाय ठेवायला जागा मिळाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षण योजना त्याच खात्याकडे होती. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, आजचे आयटीआय त्यातूनच उभे राहिले. असे असताना आपल्या घरांत आयटीआयला गेलेल्या मुलाकडे बारावीत कमी पडलेला म्हणून पाहतात, हे आम्हाला पटत नाही. फिटर किंवा मोटार मेकॅनिकची दोन वर्षे नीट केलेला मुलगा वरचे सगळे आमच्यापेक्षा चांगले सांगू शकेल. मुलगीही सांगेल. उद्यमनगरातल्या त्याच मिस्त्रींच्या गॅरेजात त्यांची पुतणी पत्र्याच्या डब्यांत बोल्ट आट्यांप्रमाणे वेगळे करून ठेवते आणि काका चुकीचा डबा उघडू लागले तर लांबूनच हटकते.

मिस्त्रीला गाडी दाखवायला नेले तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी हातावर ठेवावी. फुकट पाहायला सांगितले की तोही फुकटासारखेच पाहतो. व्यवहार ठरायच्या आधी पाहावी, विसार दिल्यावर नव्हे. विकणारा गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यायला नको म्हणाला तर चहा पिऊन परत यावे.

यंदा मृगाआधीच्या एका रविवारी, विहारातली वंदना झाल्यावर, हे मिस्त्री आपल्या गाडीवाल्या मुलांसाठी दोन तास द्यायला तयार आहेत. वार नक्की झाला की विहाराच्या फळ्यावर लिहिला जाईल. येणाऱ्यांनी आरसी बुक, खरवडायला पत्र्याचा तुकडा, एक लहान हातोडी आणि सुतळी आणावी, आणि अंगावर जुने कपडे घालून यावे.